थंडी किती, कोरड किती

ऑक्टोबर उजाडला की रोपवाटिकांत आणि ऑनलाइन दुकानांत फुलांच्या कंदांची पाकिटे दिसू लागतात. पाकिटावर ट्यूलिप, हायसिंथ नाहीतर डॅफोडिलचे झगझगीत चित्र असते आणि मागे बारीक अक्षरांत 'झोन ३ ते ८' असे काहीतरी छापलेले असते. चित्र सगळेच पाहतात. पैसे मोजायचे की नाहीत हे मात्र त्या बारीक अक्षरांवरून ठरवायला हवे.

हे झोन अमेरिकेच्या कृषी खात्याचे. वर्षातल्या सर्वांत थंड रात्री एखाद्या ठिकाणचा पारा सरासरी किती खाली उतरतो, एवढ्या एकाच मोजमापावर त्यांनी १९६० साली देशाचा नकाशा पट्ट्यांत वाटला. तिसऱ्या पट्ट्यात पारा शून्याखाली ३५-४० अंशांपर्यंत जातो, आठव्यात शून्याखाली सात ते बारा अंशांपर्यंत. याच मापाने पुणे आणि नाशिक अकराव्या पट्ट्याच्या आसपास येतात, मुंबई बाराव्या. नकाशा तयार झाला तो तिथल्या माळ्यांच्या काळजीपोटी: लावलेले झाड थंडीने मरणार तर नाही ना? आपली काळजी बरोबर उलटी आहे. आपल्याकडे थंडीने कंद मरत नाही, थंडी पुरेशी न मिळाल्यामुळे तो फुलत नाही. म्हणून 'तीन ते आठ' यातला तीन हा आकडा आपण सोडून द्यावा आणि आठवर बोट ठेवावे. त्या कंदाला निदान एवढी थंडी हवीच, असा त्याचा अर्थ.

एवढी थंडी त्याला कशाला लागते? कंद म्हणजे झाडाने वाईट दिवसांसाठी बांधून ठेवलेली शिदोरी. ज्या प्रदेशात वर्षाचा काही काळ जगणेच अशक्य असते, तिथल्या वनस्पतींनी जमिनीखाली अन्न साठवून निजून राहण्याची ही रीत शोधली. कुठे तो काळ बर्फाचा असतो, कुठे अवर्षणाचा. कंद निवडताना पहिली चौकशी हीच करावी: हा मूळचा कुठला, आणि तिथे तो कशाला घाबरून झोपत होता?

ट्यूलिपचे माहेर मध्य आशियातले डोंगर, तिएनशान आणि त्याच्या आजूबाजूचा मुलूख. तिथे उन्हाळा कोरडा, हिवाळा लांब आणि कडक, मधे वसंताचे थोडेसे दिवस. ट्यूलिपने आपले वर्ष त्यावर बेतून घेतले. उन्हाळ्यात कंद जमिनीखाली निपचित दिसतो, पण त्याच्या पोटात तेव्हा पुढच्या वर्षीची कळी घडत असते, पाकळ्या आणि पुंकेसरांसकट. कळी तयार झाली तरी दांडा लांबत नाही. त्यासाठी नऊ अंशांखालचे तीन ते चार महिने जावे लागतात. इतका काळ गेला की कडाका संपल्याची कंदाची खात्री पटते, आणि मग ऊब लागताच तो वर झेपावतो. ही थंडी अपुरी पडली तर दांडा बुटका राहतो, फूल पानांच्या बेचक्यातच अडकते किंवा आतल्या आत वाळून जाते. नेदरलँड्समधल्या वाखनिंगन इथल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत कंद वेगवेगळ्या तापमानांत ठेवून, दर थोड्या दिवसांनी कापून, आतली कळी कुठवर आली हे बघितले. कोणत्या आठवड्यात किती अंश, याचे वेळापत्रक त्या कामातून तयार झाले. आज जगभर नाताळात किंवा फेब्रुवारीत मिळणारी अवेळी ट्यूलिप त्याच वेळापत्रकाची फळे आहेत.

श्रीनगरला हे वेळापत्रक निसर्गच पाळतो. दल सरोवराच्या काठी, झबरवान डोंगराच्या पायथ्याशी सुमारे तीस हेक्टरांवर जी ट्यूलिपची बाग आहे, ती मार्चअखेर ते एप्रिल या तीन-चार आठवड्यांत फुलते, कारण आधीचे तीन महिने तिथली माती गोठणबिंदूच्या आसपास होती. दिल्लीत शांतिपथावर फेब्रुवारीत दिसणारी ट्यूलिप निराळी. ते कंद नेदरलँड्समधून आणलेले, शीतगृहात थंडी भोगून आलेले असतात आणि दिल्लीत फक्त फुलतात.

मग महाराष्ट्रात फ्रिजमध्ये थंडी द्यावी का? देता येते. कंद कागदी पिशवीत घालून चार-पाच अंशांवर बारा ते चौदा आठवडे ठेवायचे, डिसेंबरमध्ये घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात कुंडीत लावायचे. त्याच फ्रिजमध्ये सफरचंद, केळी, पेरू असली पिकणारी फळे मात्र ठेवायची नाहीत. त्यांतून सुटणारा इथिलीन वायू कंदाच्या पोटातली कळी मारून टाकतो, आणि बाहेरून कंद जसाच्या तसा टणक दिसत असल्याने लावून झाल्यावरही काय चुकले ते कळत नाही. एवढे सांभाळले तर पुणे-नाशिकला जानेवारीअखेरीस आठवडाभर फूल दिसते. ज्यांना ते बघायचे आहे त्यांनी जरूर बघावे. पण तो कंद पुन्हा फुलेल अशी आशा धरू नये. फूल गेल्यावर पानांना सहा ते आठ आठवडे गार हवा आणि लख्ख ऊन मिळाले तरच नवा कंद पोसला जातो. आपल्याकडे तेवढ्यात मार्च येतो, पारा पस्तिशीला टेकतो आणि पाने करपतात. ट्यूलिप आपल्यासाठी गुलदस्त्यासारखे, एका वेळचे. मुलाबाळांसारखी वर्षानुवर्षे वाढवायची बाग त्याच्यावर उभी राहत नाही.

यावरून आपल्या हिवाळ्यात काही दमच नाही असे वाटेल, तर तसे नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कोणत्याही कांदा उत्पादकाला विचारा. थंडीचा कडाका वाढला की उभ्या पिकात डेंगळे येतात, म्हणजे पातीच्या मधून पोकळ दांडा निघून टोकाला फुलांचा गोंडा धरतो आणि कांदा पोसण्याचे थांबते. खाण्याच्या पिकात डेंगळे नको असतात. बियाणे करायचे असते तेव्हा मात्र तेच हवे असतात, म्हणून निवडक गोट कांदे ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावून त्यांना मुद्दाम थंडी खाऊ देतात. फेब्रुवारीत ते शेत पांढऱ्या गोंड्यांनी भरते आणि मधमाश्या येऊन परागीभवन करतात. म्हणजे नऊ ते तेरा अंशांच्या रात्री ओळखून फुलणारे कंदपीक आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत. कांद्याला पुरते तेवढी थंडी आपल्याकडे आहे, ट्यूलिपला लागते तेवढी नाही, आणि या दोहोंच्या मधे बसणारे कंद पुष्कळ आहेत.

ही थंडी महाराष्ट्रात कुठे किती पडते याबद्दल मात्र गैरसमज फार. महाबळेश्वर थंड हवेचे ठिकाण, तेव्हा हिवाळी कंदांना तेच उत्तम, असे सहज वाटते. प्रत्यक्षात जानेवारीतल्या सरासरी रात्री पुण्यात महाबळेश्वरपेक्षा जास्त गारठा असतो. महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे मीटर उंचीच्या माथ्यावर आहे. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते, तिला लागून असलेली हवा थंड आणि जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून सखलात वाहत जाते. माथा त्यामानाने उबदार राहतो, पठारावरचे खळगे गारठतात. महाबळेश्वरातही दव गोठल्याची बातमी येते ती वेण्णा तलावाच्या सखल परिसरातून. निफाडचा पारा काही वर्षी पाच अंशांच्याही खाली जातो तो याच कारणाने. महाबळेश्वरचा खरा थंडावा उन्हाळ्यात आणि दिवसा जाणवतो.

एका शहरातही हा फरक दिसतो. पुण्यात पाषाण, एनडीए या बाजूंना रात्री जेवढ्या गार असतात तेवढ्या मगरपट्टा-वडगाव शेरीला नसतात. कधीकधी चार-पाच अंशांचे अंतर पडते. सिमेंटची गच्ची दिवसभराची उष्णता रात्री परत करत राहते, त्यामुळे गच्चीवरची कुंडी आणि अंगणातल्या सखल कोपऱ्यातली माती यांचा हिवाळा एक नसतो. म्हणून आपल्या जिल्ह्याच्या आकड्यावर विसंबू नका. साधा कमाल-किमान तापमापक जिथे कंद लावायचे त्याच जागी डिसेंबर-जानेवारीत टांगून ठेवा आणि पहाटेचे आकडे वहीत टिपा. एक हिवाळा असा गेला की कोणत्याही पाकिटापेक्षा ती वही खरी.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. थंडीच्या मोजमापात आपला हिवाळा साधारणच आहे, पण त्याचा एक गुण पक्का आहे: तो कोरडा असतो. ऑक्टोबरात पाऊस परतला की पुढचे सात-आठ महिने आकाशातून जवळजवळ काही पडत नाही. जे कंद मूळ देशी बर्फामुळे झोपत नव्हते, तहानेमुळे झोपत होते, त्यांना आपली हवा घरच्यासारखी वाटते. आपल्या बागेत वर्षानुवर्षे टिकणाऱ्या कंदांची यादी बघितली तर बहुतेक सगळे याच जातकुळीचे निघतात.

पहिला मान ज्याला आपण सरसकट अ‍ॅमरिलिस म्हणतो त्याला. वनस्पतिशास्त्रात तो हिप्पिअ‍ॅस्ट्रम, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्याची शिस्त विलक्षण आहे: कंदात साधारण चार पाने तयार झाली की त्यांच्या बगलेत एक फुलोरा तयार होतो, पुन्हा चार पाने, पुन्हा फुलोरा. याचा अर्थ पावसाळ्यात जितकी पाने धष्टपुष्ट वाढतील तितकी पुढच्या वर्षीची फुले. जून ते सप्टेंबर त्याला खत, ऊन भरपूर द्यावे आणि दिवाळीनंतर पाणी हळूहळू तोडावे. आठ-दहा आठवड्यांची कोरडी विश्रांती झाली की फेब्रुवारीत पुन्हा पाणी सुरू करावे. मार्च-एप्रिलमध्ये जाड पोकळ दांड्यावर तुतारीसारखी लाल-केशरी फुले येतात. लावताना कंदाची मान आणि वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर ठेवावा. पूर्ण पुरला तर पावसाळ्यात कुजतो. वर्षभर रोज एक तांब्या पाणी घालणारी माणसे झाडांवर माया करतात यात शंका नाही, पण या कंदाला हिवाळ्यात पाणी न देणे हीच माया.

दुसरा मे फ्लॉवर. फुटबॉल लिलीही म्हणतात त्याला. हा आफ्रिकेतला. हिवाळ्यात त्याची पाने पिवळी पडून गळतात, कुंडी रिकामी दिसते आणि अनेक घरांत ती याच काळात उलटी करून मातीसकट टाकून दिली जाते. कुंडीवर नावाची चिठ्ठी लावून ती पावसाच्या-पाण्याच्या वाटेबाहेर, सावलीत ठेवून द्यावी. एप्रिल-मेमध्ये, वळवाची चाहूल लागताना, पानांच्या आधीच फूल येते: शेकडो लाल केसरांचा एक गोळा. पावसाळी लिलीचेही तसेच. गुलाबी, पिवळी, पांढरी अशी ही छोटी लिली मेक्सिको, कॅरिबियन बेटे आणि दक्षिण अमेरिकेतून आली, आणि कोरडीनंतर चांगला पाऊस झाला की दोन-चार दिवसांत सगळी एकदम उमलते. नळाच्या पाण्याने ती तेवढी भुलत नाही.

आता प्रत्यक्ष हिवाळ्यात फुलणारे. त्यात घाटमाथ्यावर आणि देशावर ग्लॅडिओलसला तोड नाही. मूळ जाती मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतल्या. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर या काळात आठ-दहा सेंटिमीटर खोल लावला की दोन ते तीन महिन्यांत, जातीप्रमाणे, दांडे येतात. दिवसाचे सौम्य ऊन आणि रात्रीचा गारवा त्याला मानवतो, फुले गारव्यात जास्त दिवस टिकतात. सगळे कंद एकाच दिवशी लावू नका. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने लावले तर डिसेंबर ते फेब्रुवारी घरात फुले राहतात. पाने पिवळी पडल्यावर कंद काढावेत. जुना कंद सुकलेला असतो आणि त्याच्या डोक्यावर नवा बसलेला असतो, भोवती बारीक पिल्ले. हा नवा कंद लगेच लावला तर उगवत नाही, त्याची झोप आतूनच असते. शेतकरी तो शीतगृहात चार-पाच अंशांवर तीन महिने ठेवतात. घरी त्याला जाळीच्या पिशवीत, हवेशीर जागी पुढच्या सप्टेंबरपर्यंत ठेवले तरी चालते, काही वाया जातात एवढेच. नागपूर-अमरावतीकडेही तो छान येतो. मुंबईत दांडे बारीक राहतात.

नर्गिस, म्हणजे झुबक्याने फुलणारा सुवासिक डॅफोडिल, हा भूमध्य समुद्राकाठचा. मोठ्या पिवळ्या तुतारीच्या डॅफोडिलला थंडी हवी; याच्या पांढऱ्या जातीला, पेपरव्हाइटला, जवळजवळ नको. नोव्हेंबरात लावला तर पाच-सहा आठवड्यांत फुलतो. या कुळाला उन्हाळ्याची ऊब मोलाची असते. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सिली बेटांवर अशाच जातीच्या शेतांवर पेंढा जाळून धूर देण्याची जुनी पद्धत आहे, त्याने फुले लवकर आणि जास्त येतात. धुरात इथिलीन असते. जो वायू फ्रिजमध्ये ट्यूलिपची कळी मारतो तोच इथे नर्गिसला जागे करतो! फ्रीझिया आणि रॅननक्युलसही नाशिक-पुण्याच्या गार कोपऱ्यात करून बघण्याजोगे आहेत, पण फेब्रुवारीत ऊन तापले की त्यांचा खेळ आटोपतो.

निशिगंध हिवाळ्यात का फुलत नाही म्हणून पुष्कळ लोक हळहळतात. तो मेक्सिकोतला, वीस ते तीस अंशांत खूश असतो. पारा दहाच्या आसपास आला की वाढ थांबते. त्याला हिवाळी कंद समजून नोव्हेंबरात लावू नये. दोन-तीन सेंटिमीटर जाडीचे कंद एप्रिल-मेमध्ये लावावेत, म्हणजे पावसाळ्याच्या शेवटापासून दांडे मिळतात. एक कंद एकदाच फुलतो, पुढची फुले त्याच्या पिल्लांची, म्हणून ठिकाण दोन-तीन वर्षे हलवू नये. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेच्या एकेरी पाकळीच्या 'शृंगार' आणि 'प्रज्वल', दुहेरीच्या 'सुवासिनी' आणि निमदुहेरी 'वैभव' या जाती नावानिशी मागून घ्याव्यात. वास एकेरीला अधिक, आणि घरासाठी मी एकेरीच सुचवीन.

कोकण आणि गोव्याचा विचार वेगळा. तिथे थंडी नाहीच, शिवाय पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाणी पडते. झोपेत पाणी न सोसणारा कंद तिथे कुजतो. म्हणून परसात ओल सोसणारा सोनटक्का, कर्दळ, किनाऱ्याला क्रायनम आणि पांढरी स्पायडर लिली लावावी. सोनटक्का आणि कर्दळ यांची खोडे जमिनीत आडवी पसरतात, शास्त्राच्या भाषेत ते खरे कंद नव्हेत, पण बागेच्या कामापुरते तेच. कळलावीचाही कंद लावतात. श्रावण-भाद्रपदात तिच्या ज्वाळेसारख्या फुलांपुढे दुसरे फूल नजरेत भरत नाही. मात्र तिचा कंद अतिशय विषारी आहे, त्यात कोल्चिसिन असते. लहान मुले किंवा गुरे असतील तिथे लावू नये, आणि खणल्यावर हात धुवावेत.

आपल्या हवेला सर्वांत चपखल कंद खरे तर आपल्याच माळांवर आहेत. कोळकांदा भर उन्हाळ्यात, एकही पान नसताना फुलतो. कोकणच्या जांभ्या सड्यांवर दीपकाडीची पांढरी फुले पहिल्या पावसानंतर येतात. तिची एक जात जगात फक्त याच पट्ट्यात आढळते. आठ महिन्यांची कोरड आणि चार महिन्यांचा मारा या दोन्हींशी यांचे जुळलेले आहे. पण म्हणून ते उपटून आणू नयेत. सड्यावरची माती बोटभर असते, एक कंद काढला की तिथली जागा वर्षानुवर्षे भरत नाही, आणि कुंडीत तो बहुधा जगत नाही. बियांपासून वाढवलेली रोपे मिळाली तरच घ्यावीत.

देशाबाहेर राहणाऱ्या मराठी घरांत हाच हिशेब उलटा मांडावा लागतो. न्यू जर्सीत ऑक्टोबरात ट्यूलिप आणि डॅफोडिल जमिनीत पुरून विसरून गेले तरी एप्रिलमध्ये फुलतात, कारण तिथला हिवाळाच शीतगृहाचे काम करतो. तिथे सांभाळावा लागतो तो निशिगंध. शेवटचे हिम पडून गेल्यावर, मेमध्ये, तो सर्वांत उन्हाच्या जागी कुंडीत लावावा. ऋतू तोकडा असल्याने आधी घरात खिडकीशी अंकुरून घेतला तर महिना वाचतो. ऑक्टोबरात पहिल्या हिमाआधी कंद काढून, सावलीत सुकवून, कोरड्या भुशात घालून घरातच पंधरा अंशांच्या वर ठेवावेत. गॅरेजमध्ये ठेवलेले कंद गारठून मऊ पडतात आणि वसंतात दाबून पाहिले की हाताला पाणी लागते.